विश्लेषण : मेनफ्रेमची ‘जेसीएल’ वाचणारा मुक्त पार्सर का हवा?

जगातल्या अनेक मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांचे हिशेब आजही रात्री मेनफ्रेमवर होतात. कोबोल या भाषेचं नाव त्यानिमित्तानं अधूनमधून बातम्यांत येतं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली होती, कारण बेरोजगार भत्त्याच्या जुन्या यंत्रणेवर अर्जांचा ताण आला होता. पण कोबोलचे प्रोग्राम कोणत्या क्रमानं चालवायचे, कोणाला कोणती फाइल द्यायची, हे ठरवणारी दुसरीच एक लिपी असते. तिचं नाव जेसीएल, म्हणजे जॉब कंट्रोल लँग्वेज.

माजरी जंक्शन डोळ्यांसमोर आणा. नागपूर-काझीपेट मार्गावरून इथे वणी, आदिलाबादकडे फाटा फुटतो. वॅगनमध्ये कोळसा कितीही चांगला भरा, गाडी कोणत्या मार्गानं, कोणाच्या मागून सोडायची हे ठरलं नसेल तर ती जागची हलणार नाही. प्रोग्राम म्हणजे वॅगन आणि जेसीएल म्हणजे ती सोडण्याचे आदेश.

मग अडचण काय?

आयबीएमनं १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्या ओएस/३६० या कार्यप्रणालीसोबत जेसीएल आली. त्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे तिची गणना सर्वांत वाईट संगणकभाषांत केली. ती ८० रकान्यांच्या पंचकार्डासाठी बेतलेली होती आणि ते कार्ड तिच्या अंगातून अजून गेलेलं नाही. आदेश ७१व्या रकान्यापर्यंतच. ओळ पुढे न्यायची तर स्वल्पविराम देऊन पुढची ओळ दोन तिरक्या रेघांनी सुरू करायची आणि मजकूर चौथ्या ते सोळाव्या रकान्यात सुरू व्हायला हवा. स्वल्पविरामानंतर चुकून मोकळी जागा सुटली, तर त्या ओळीवरचा उरलेला मजकूर शेरा समजून सोडून दिला जातो. बहुतेक आधुनिक भाषांत एखादी जादा मोकळी जागा फारशी कुणाच्या खिजगणतीत नसते; इथे ती आदेश गिळते.

‘कॉंड’ हा पर्याय तर नवख्यांना हमखास चकवतो. ‘४ हा आकडा आधीच्या पायरीच्या निकालापेक्षा लहान’ अशी अट लिहिली आणि ती खरी ठरली, तर पायरी चालत नाही, गाळली जाते! आपण ‘अट पूर्ण, तर काम करा’ असा विचार करतो, जेसीएल नेमका उलटा.

पार्सर म्हणजे हा मजकूर नियमांनुसार फोडून त्याचा अर्थ मांडणारा प्रोग्राम. त्याला एक फाइल पुरत नाही. अर्ध्या पायऱ्या ‘प्रोसिजर’ नावानं दुसऱ्या लायब्ररीत असतात, काही किमती चालवण्याच्या वेळी भरल्या जातात, तर वेळापत्रक सांभाळणारं सॉफ्टवेअर आपले चल आणखी वेगळ्या खुणांनी घालतं. मधेच डेटाही येतो, तो आदेश समजून वाचला की सगळं फसलं.

एआय हे करणार नाही का?

आयबीएमनं २०२३ मध्ये कोबोलचं जावात रूपांतर करायला मदत करणारं एआय साधन आणलं. अशी साधनं उपयोगी आहेत. पण ‘ही फाइल बदलली तर रात्रीच्या कोणत्या जॉबना फटका बसेल?’ या प्रश्नाला बहुधा बरोबर असलेलं उत्तर चालत नाही. पेन्शनच्या यादीतून एक पायरी गळली तर कुणाचे तरी पैसे अडकतात. तिथे प्रत्येक वेळी तेच उत्तर देणारा पार्सर लागतो. एआयनं दिलेलं उत्तर पडताळायलाही तोच उपयोगी पडतो.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. १९७०च्या दशकात टीसीएसनं बरोज कंपनीचं रुग्णालयांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर एका कोबोलमधून दुसऱ्या कोबोलमध्ये नेलं, तेही मुंबईतल्या आयसीएल १९०३ या तिसऱ्याच संगणकावर. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रानं पुढे जुना कोड तपासणारी साधनं बनवली. मात्र अशी बरीच साधनं कंपन्यांच्या मालकीची राहिली. नोकरी बदलली की साधन मागे राहतं.

मुक्त प्रकल्पांची वाट आता थोडी मोकळी आहे. लिनक्स फाउंडेशननं २०१५ मध्ये ओपन मेनफ्रेम प्रोजेक्ट सुरू केला. व्याकरण लिहून दिलं की पार्सर तयार करणारं अँटलर फुकट मिळतं. हर्क्युलीस हा एम्युलेटर साध्या लॅपटॉपवर एमव्हीएस ३.८ ही जुनी कार्यप्रणाली चालवतो. म्हणजे माजरी, भद्रावती किंवा वरोऱ्यातल्या विद्यार्थ्याला जेसीएल शिकायला आधी पुण्यातली नोकरी मिळवण्याची गरज नाही.

खरी टंचाई नमुन्यांची आहे. विचित्र जेसीएल असते बँकांकडे आणि ती बाहेर आणणं म्हणजे करार मोडणं. व्याकरण पुस्तकातून लिहिता येतं, पण तीस वर्षांत लोकांनी केलेल्या क्लृप्त्या पुस्तकात नसतात. त्या ठाऊक आहेत हिंजवडीत वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेल्यांना. ग्राहकाची एकही ओळ न उचलता, नावं आणि आकडे पूर्णपणे कल्पित ठेवून, त्यांनी तसेच दोन-चार ओळींचे नमुने नव्यानं लिहून दिले, तरी पार्सर कुठे अडखळतो ते तपासता येईल.