आधी धक्के मोजा

लहान देश आणि परक्या पैशातले बंदर असा विषय निघाला की हंबनटोटा आलेच. 'कर्ज फिटेना म्हणून चीनने बंदर घेतले' हे आपल्या बैठकांतही सर्रास ऐकू येते. ते चूक आहे. २०१७ मध्ये श्रीलंकेने बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आणि ११२ कोटी डॉलर घेतले. ते परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले; बंदराचे कर्ज अंगावर तसेच राहिले.

आपल्या व्यवसायाने अभ्यासावे ते चाउकफ्यू, म्यानमारच्या राखाइन किनाऱ्यावरचे. चिनी सिटिक कंपनीचा आराखडा ७३० कोटी डॉलरचा होता, धक्के सुमारे दहा. २०१८ मध्ये म्यानमारचे उपमंत्री सेट आउंग वाटाघाटींना बसले. प्रकल्प रद्द करण्याची भाषा त्यांनी केली नाही. बंदर गरजेपुरतेच हवे, एवढाच धोशा लावला. पहिला टप्पा १३० कोटींवर आला, धक्के दोन, पुढचे टप्पे मागणी दिसली तरच. म्यानमारचा वाटा १५ वरून ३० टक्के झाला. कागद तपासायला अमेरिकेने तज्ज्ञ धाडले होते. एका बड्याचे कंत्राट दुसऱ्या बड्याकडून वाचून घेणे हीसुद्धा हुशारीच. शिवाय चाउकफ्यूहून चीनच्या युनान प्रांताकडे जाणाऱ्या वायू आणि तेलाच्या वाहिन्या आधीच सुरू होत्या. मलाक्काच्या सामुद्रधुनीला वळसा घालणारी ही वाट कोणाला हवी आहे, हे मेजाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

२०२१ मध्ये लष्कराने ते सरकार उलथले. एकाकी पडलेल्या लष्करशहांच्या हाती तशी पाने उरली नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी पुरवणी करार केला.

हे वाचताना आपण आपसूक म्यानमारच्या बाजूला बसतो. भूतानमध्ये मात्र बडे आपण आहोत. चुखा जलविद्युत प्रकल्पाला भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिले. १२०० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-१ ला नेमके उलटे. तिथे धरणाच्या जागी डोंगर सरकला, काम वर्षानुवर्षे रखडले, खर्च फुगला आणि त्याबरोबर थिंफूचे कर्जही. भूस्तराच्या तपासणीला आधी किती वेळ दिला होता, असे भूतानच्या अभियंत्याने विचारले तर आपण काय सांगणार?

पुनात्सांगछूच्या खोऱ्यात काम केलेले अभियंते आपल्या वाचकांत असतील. त्यांनी लिहावे, पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.