ऊसतोडीचा क्रम, काट्यावरची रांग आणि तुमचा दर

हंगाम भरात आला की कराड, वाळवा, पलूस भागात कारखान्यांच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. ही डोकेदुखी वाहनचालकाची, असे आपण समजतो. पैसे मात्र तुमच्या बिलातून जातात.

2025-26 हंगामासाठी एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये आहे. त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे वाढतात. उतारा सगळ्या कारखान्याचा मिळून धरतात आणि तोडणी-वाहतूक खर्चही साधारणपणे सरासरीनेच कापला जातो. म्हणजे तुमचे शेत कारखान्याला लागून असले, तरी लांबून वाळून आलेल्या उसाचा भार तुमच्यावर पडतोच.

आता रांगेचे गणित पाहा. समजा, कारखाना दिवसाला 5,000 टन गाळतो. म्हणजे तासाला सुमारे 208 टन, 16 टनांच्या खेपेने 13 वाहने. सकाळी तोडून संध्याकाळी 104 वाहने एकदम आली, तर शेवटचे वाहन गव्हाणीत रिकामे व्हायला आठ तास लागणार. पहाटे तीच गव्हाण उसाची वाट पाहत असते! वाहने वाढवून हे सुटत नाही. कोणत्या टोळीने कुठे, किती वाजता भरायचे, हे ठरवावे लागते. ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात ते हेच. दुसऱ्या महायुद्धात लष्करी नियोजनासाठी वाढलेले हे शास्त्र, सध्या गाजणाऱ्या एआयपेक्षा कितीतरी जुने आहे.

तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही घटतात, मार्च-एप्रिलच्या उन्हात जास्तच. यंत्राने तुकडे केलेला ऊस त्याहून लवकर खराब होतो. म्हणून तोडणी ते गाळप हे अंतर 24 तासांच्या आत ठेवावे.

क्रम ठरवताना लागणीच्या तारखेएवढेच वाणालाही महत्त्व द्यावे. कोसी 671 लवकर पक्व होतो, को 86032 मध्यम-उशिरा. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडव्याचे वय वेगवेगळे. तरीही तोड अनेकदा ओळखीने किंवा रस्त्याच्या सोयीने मिळते, आणि पक्व ऊस तुऱ्यावर उभा राहतो. दोन्ही जिल्ह्यांत कारखाने इतके जवळजवळ आहेत, की ऊस पळवण्याच्या घाईत कच्चा ऊसही तुटतो. कोणतेही सॉफ्टवेअर चुकीच्या नोंदीवर बरोबर उत्तर देणार नाही.

त्यामुळे गट कार्यालयात लागणीची तारीख, वाण आणि क्षेत्र खरे नोंदवावे, नोंदीची पावती जपून ठेवावी. तोडीआधी 10 ते 15 दिवस पाणी तोडावे. हस्त रिफ्रॅक्टोमीटरने शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स तपासावा. दोन्ही जवळ आले की ऊस तोडीस आला. चिटबॉयकडून वाहन येण्याची वेळ कळल्याशिवाय टोळीला फडात कोयता लावू देऊ नये.