एवढंसं शहर, एवढी मोठी टीम?

पुण्याहून मिलवॉकीला शिकायला आले, तेव्हा मैत्रिणींचा पहिला प्रश्न एकच होता, 'हे नक्की कुठंय गं?' मी सांगायचे, शिकागोच्या वर, दीडेक तासावर, लेक मिशिगनच्या काठाला. त्यावर 'अच्छा, शिकागो!' म्हणून विषय संपायचा. इथल्या लोकांना हे फार लागतं. शिकागोचं शेपूट म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नाही. 'आम्ही काय कमी आहोत?' असं म्हणताना ते हमखास एक गोष्ट पुढे करतात, 'आमची स्वतःची मेजर लीग टीम आहे!'

टीमचं नाव ब्रुअर्स. म्हणजे बिअर बनवणारे. शहर बिअरच्या कारखान्यांवर वाढलं, म्हणून हे नाव. २०२० च्या जनगणनेत मिलवॉकीची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास होती. आपल्याकडच्या २०११ च्या जनगणनेतल्या कोल्हापूर शहराएवढी धरा की! आजूबाजूची उपनगरं धरली तरी पंधरा-सोळा लाख. आणि या शहराची टीम न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो यांच्याशी एकाच लीगमध्ये खेळते.

हा विषय आत्ता काढायचं कारण आहे. मेजर लीग बेसबॉलमध्ये सध्या ३० टीम आहेत. शेवटची भर पडली १९९८ मध्ये. आता ३२ करायच्या गोष्टी चालल्यात. लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड जानेवारी २०२९ मध्ये पायउतार होणार आहेत आणि त्याआधी दोन नवी शहरं ठरवायची त्यांची इच्छा आहे. पोर्टलँड, सॉल्ट लेक सिटी, नॅशव्हिल, रॅली अशी नावं घेतली जातात. सगळी मधल्या आकाराची शहरं. सगळीकडे तोच वाद : आपल्याला हे झेपेल का?

माझं उत्तर आधीच सांगते. झेपेल. पण बहुतेक लोक ज्या आकड्यावर भांडतात तो आकडाच चुकीचा आहे.

आधी तो आकडा बघू. बेसबॉलमध्ये एका टीमच्या सीझनला १६२ मॅच असतात. त्यातल्या ८१ घरच्या मैदानावर. आपल्या आयपीएलच्या टीमला घरच्या मॅच मिळतात साधारण सात. गहुंजेचं स्टेडियम सातही वेळा खच्चून भरलं, तरी तीन लाखांच्या आत तिकिटं लागतील. इथे दर मॅचला ३० हजार लोक आणायचे म्हटलं, तर ८१ मॅचची होतात २४ लाखांहून जास्त. म्हणजे मिलवॉकी आणि उपनगरांतल्या प्रत्येक माणसानं, तान्ह्या बाळासकट, वर्षातून दीड वेळा मैदानावर यायला हवं! सॉल्ट लेकच्या परिसराची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. तिथे हाच हिशेब जवळपास दोनदा येतो.

कागदावर हे अशक्य वाटतं. पण मिलवॉकीत हे दरवर्षी घडतं. २०२३ आणि २०२४, दोन्ही सीझनला २५ लाखांवर लोक आले. २००८ आणि २०११ ला तर आकडा ३० लाखांच्या पुढे गेला होता. कसं काय? एक तर लोक फक्त शहरातून येत नाहीत, अख्ख्या विस्कॉन्सिन राज्यातून गाड्या भरून येतात. दुसरं म्हणजे छप्पर. एप्रिलमध्ये इथे बर्फ पडू शकतो, पण स्टेडियमचं छप्पर बंद होतं, त्यामुळे तीन तासांवरून निघालेल्या माणसाला मॅच रद्द होईल अशी धास्ती नसते. तिसरं, पार्किंगमध्ये चालणारी जत्रा. मॅचच्या दोन-तीन तास आधी लोक डिकी उघडून शेगड्या पेटवतात, सॉसेज भाजतात, पोरं कॅच कॅच खेळतात. आणि चौथं, स्वस्त तिकिटं. अगदी वर, छपराच्या खांबाआडून मान वाकडी करून बघायच्या काही जागा आहेत. टीमचे लाडके कॉमेंटेटर बॉब यूकर यांच्या नावानं त्या ओळखल्या जातात. स्टुडंट बजेटमध्ये मी माझी पहिली मॅच तिथूनच पाहिली. निम्मा खेळ कळला नाही. सहाव्या इनिंगला सॉसेजचे पोशाख घातलेल्या माणसांची रेस लागली, तेव्हा मात्र घसा बसेपर्यंत ओरडले.

मग प्रश्न मिटला? नाही ना. कारण गर्दी जमवूनही शहराच्या हातून टीम जाते. आणि हे मिलवॉकीइतकं कुणाला माहीत असणार!

माझी घरमालकीण आजी अडुसष्ट वर्षांची आहे. ती आठ वर्षांची असताना शहरातली पहिली टीम गेली. ब्रेव्ह्ज ही टीम १९५३ मध्ये बॉस्टनहून इथे आली होती. १९५४ ते १९५७ ही चारही वर्षं २० लाखांवर लोक मैदानात आले. त्या काळात हा आकडा म्हणजे कहरच होता. १९५७ ला टीम वर्ल्ड सिरीज जिंकली. हँक ॲरनसारखा खेळाडू याच टीममध्ये होता. मग मालक बदलले, गर्दी थोडी ओसरली आणि दक्षिणेत टीव्हीची भलीमोठी बाजारपेठ मोकळी पडलेली नव्या मालकांना दिसली. १९६६ चा सीझन सुरू झाला तेव्हा टीम अटलांटात होती. आजी सांगते, 'बाबांनी त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या टीमचं नाव घरात काढू दिलं नाही.' १९७० मध्ये सिएटलची दिवाळखोर टीम बड सेलिग यांनी इथे आणली, तीच आजची ब्रुअर्स.

ऐकताना मला पुणं आठवलं. आयपीएलमध्ये आमच्याकडे पुणे वॉरियर्स आली, २०१३ नंतर गायब. मग दोन सीझनपुरती रायझिंग पुणे. २०१७ च्या फायनलला मुंबईकडून एका रननं हरलो आणि टीमच संपली! एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली, तिच्या जागी हैदराबादची टीम आली. जर्सी घेतलेली पोरं काय करणार? पुण्यात माणसं कमी होती का? पैसा कमी होता का? मुळीच नाही.

हाच मुद्दा ओकलंडनं पुन्हा सिद्ध केला. ओकलंड काही कोपऱ्यातलं गाव नाही, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं शहर आहे. श्रीमंत भाग, लाखोंची वस्ती. तिथली ॲथलेटिक्स ही टीम १९६८ पासून होती, चार वर्ल्ड सिरीज जिंकलेली. 'मनीबॉल' सिनेमा पाहिला असेल, तर हीच ती टीम. मालकांनी खर्च आखडला, खेळाडू विकले, स्टेडियम जुनाट होत गेलं. लोक कमी यायला लागले आणि मग तेच लोक कारण म्हणून दाखवले गेले. जून २०२३ मध्ये फॅन्सनी उलटा बहिष्कार केला. म्हणजे मुद्दाम सगळ्यांनी यायचं! एका साध्या मंगळवारी २७ हजारांवर लोक जमले आणि 'टीम विका' म्हणून ओरडले. उपयोग झाला नाही. नेवाडा राज्यानं लास वेगासमधल्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलर देऊ केले होते. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली. नवं स्टेडियम होईपर्यंत टीम सॅक्रामेंटोत, छोट्या लीगच्या चौदा हजारांच्या मैदानावर खेळायला गेली.

मोठ्या भागातलं ओकलंड हरलं आणि छोटं मिलवॉकी टिकलं. मग लोकसंख्येवर भांडून काय उपयोग? खरे प्रश्न दोन आहेत : टीव्हीचा पैसा कसा वाटला जातो आणि स्टेडियमचं बिल कोण भरतं.

पहिला प्रश्न. मिलवॉकीहून दोनेक तासांवर ग्रीन बे नावाचं शहर आहे. वस्ती लाखभर. तरी अमेरिकन फुटबॉलची पॅकर्स ही दिग्गज टीम तिथे आहे, आणि तिचे मालक आहेत सामान्य शेअरहोल्डर, पाच लाखांवर! हे जमतं कारण तिथे घरच्या मॅच आठ-नऊच असतात आणि देशभरच्या टीव्हीचा पैसा सगळ्या टीममध्ये सारखा वाटला जातो. बेसबॉलमध्ये स्थानिक टीव्हीचे करार वेगळे असतात. लॉस एंजेलिस डॉजर्सनं २०१३ मध्ये २५ वर्षांचा करार केला तो ८०० कोटी डॉलरच्या वरचा. मिलवॉकी एवढे प्रेक्षक आणणार कुठून? मोठ्यांच्या कमाईतला काही भाग छोट्यांना मिळतो, पण दरी बुजत नाही. त्यात खेळाडूंच्या पगारावर पक्की मर्यादा नाही. २०२५ मध्ये ब्रुअर्सनं ९७ मॅच जिंकल्या, अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक. ऑक्टोबरमध्ये समोर आले डॉजर्स, दुपटीहून जास्त पगाराचं बिल असलेले. चार मॅच, चारही हरलो. शेवटच्या मॅचमध्ये शोहेई ओहतानीनं तीन होमरन मारले आणि पिचिंग करताना दहा जणांना बाद केलं. त्या रात्री आजीनं टीव्ही बंद केला आणि एवढंच म्हणाली, 'पोरी, आपण नीट खेळलो होतो गं.'

दुसरा प्रश्न जास्त टोचतो. इथलं स्टेडियम २००१ मध्ये सुरू झालं. त्यासाठी पाच काउंटींत प्रत्येक खरेदीवर ०.१ टक्का जादा टॅक्स लावला होता. १९९६ पासून २०२० पर्यंत लोकांनी तो भरला. ऐन वेळी मत बदलून या टॅक्सला पाठिंबा देणाऱ्या जॉर्ज पेटॅक या सिनेटरला मतदारांनी १९९६ मध्ये खुर्चीवरून खाली खेचलं. आता २०२३ मध्ये दुरुस्त्यांसाठी राज्य, काउंटी आणि शहर मिळून सुमारे ५० कोटी डॉलर द्यायचं ठरलं. टीमनं घातले दहा कोटींहून थोडे जास्त. बदल्यात २०५० पर्यंत टीम इथेच राहणार.

त्याच वर्षी शहराची तिजोरी एवढी खडखडीत होती, की जानेवारी २०२४ पासून दोन टक्क्यांचा नवा सेल्स टॅक्स लावावा लागला. मी साबण घेते, वह्या घेते, त्यावर तो भरते. माझ्या वर्गातला एक मित्र म्हणतो, 'अब्जाधीशाच्या खेळण्याला मी का पैसे द्यायचे?' त्याचं चूक नाही. स्टेडियममुळे शहर श्रीमंत होतं, हा दावा बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतच नाहीत. कारण साधं आहे. कुटुंबाचा मौजमजेचा पैसा ठरलेला असतो. मॅचला गेलेले शंभर डॉलर कुठल्यातरी हॉटेलातून, सिनेमातून कमी होतात.

म्हणून 'टीम आली की विकास होईल' हे पटवायला कुणी आलं, तर सरळ नाही म्हणा. बाग, लायब्ररी यांच्यासारखाच टीम हा खर्च आहे. आनंदासाठी केलेला खर्च. तो करायला हरकत नाही, पण किती आणि कुठल्या अटींवर, हे शहरानं ठरवावं.

माझ्या अटी चार. एक, टीमनं किमान ३० वर्षं हलायचं नाही, हे कायद्यात लिहून घ्या, आणि मोडलं तर सगळे पैसे परत. दोन, पैसा शक्यतो टीममुळेच येणाऱ्या टॅक्समधून यावा. ओरेगन राज्यानं २०२५ मध्ये पोर्टलँडसाठी ८० कोटी डॉलरच्या रोख्यांची सोय केली, त्यांची फेड खेळाडूंच्या आणि टीमच्या लोकांच्या आयकरातून होणार आहे. टीम आलीच नाही, तर बोजाही नाही. हे मला पटतं. तीन, दर मॅचला ठरावीक तिकिटं विद्यार्थ्याला परवडतील अशीच हवीत. चार, लीगनं आधी टीव्हीचा पैसा नीट वाटावा, मगच नवी शहरं घ्यावीत. खेळाडूंसोबतचा लीगचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, हिशेब बदलायची ती संधी आहे.

या अटींवर पोर्टलँडला माझं होय. तिथल्या परिसरात २५ लाख लोक आहेत. सॉल्ट लेकबद्दल मला धाकधूक वाटते. युटा राज्यानं ९० कोटी डॉलरपर्यंत तयारी ठेवलीये, पण ८१ मॅच भरायला माणसं फारच थोडी. आणि अटी मान्य नसतील, तर नाही म्हणायची हिंमत हवी. कॅन्सस सिटीच्या मतदारांनी एप्रिल २०२४ मध्ये ती दाखवली. दोन टीमच्या स्टेडियमसाठी चाळीस वर्षांचा टॅक्स होता, ५८ टक्के लोकांनी तो फेटाळला.

आजीला मी विचारलं, 'एवढी वर्षं टॅक्स भरलास, वाईट नाही वाटत?' ती म्हणाली, 'वाटतं ना. दर बिलाला वाटायचं. पण आठ वर्षांची असताना वाटलं होतं, तेवढं नाही.'

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी मॅचला चाललोय. तिकिटं मी काढलीत, खांबाआडचीच. सॉसेज ती भाजणार आहे.