उसना गडी

शाळेचा संघ म्हणजे नेमका कोणाचा संघ, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटण्याजोगा आहे. शाळेत शिकणाऱ्या मुलांचा, असे उत्तर पहिलीतले मूलही देईल. परंतु क्रीडास्पर्धांचा हंगाम जवळ आला, की हे सोपे उत्तर मोठ्या माणसांनाच अवघड वाटू लागते. शाळेविषयी खरीखुरी आपुलकी बाळगणारे काही पालक गेली दोन-तीन वर्षे आम्हांस सुचवीत आले आहेत, की बाहेरगावचे चार-दोन कसलेले गडी हेरून त्यांची नावे आपल्या पटावर चढवावीत, फी माफ करावी, राहण्याजेवण्याची सोय वर्गणीतून करावी, आणि कबड्डीची ढाल एकदाची शाळेत आणावी. सूचनेमागील हेतू चांगला आहे. म्हणूनच ती हसण्यावारी न नेता तिचा नीट विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न एकट्या सचिन गावाचा नव्हे. न्यूझीलंड देशात रग्बी नावाचा खेळ घरोघरी प्रिय आहे. पंधरा-पंधरा गड्यांचे दोन संघ, लांबट अंड्याच्या आकाराचा चेंडू, आणि तो हातात घेऊन धावणाऱ्यास अंगाला भिडून पाडण्याची मुभा, असा हा दांडगा खेळ आहे. आपल्या कबड्डीतील पकड ज्याने अनुभवली आहे त्याला त्याची गोडी समजावून सांगण्याचे कारण नाही. (आपल्या देशाशीही त्याचे जुने नाते आहे. कलकत्त्याचा रग्बीचा क्लब बंद पडला तेव्हा सभासदांनी शिलकी चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला, आणि त्यासाठी इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून झुंजत आले आहेत.) या न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात, डिसेंबर २०१८ मध्ये, दहा शाळांनी मिळून ठरविले, की पुढील हंगामात सेंट केंटिगर्न कॉलेज या शाळेच्या पहिल्या संघाशी खेळावयाचे नाही. तक्रार अशी होती, की ही संपन्न शाळा इतर शाळांत तयार झालेले खेळाडू शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे ओढून घेते. पुढे आपसांत आचारसंहिता ठरून तो बहिष्कार मिटला. परंतु दहा मुख्याध्यापकांना असा टोकाचा निर्णय घ्यावासा वाटला, यावरून दुखणे किती खोल होते हे दिसते.

त्या देशातील शाळांत टोंगा, सामोआ, फिजी या प्रशांत महासागरातील लहान लहान बेटांवरील मुलेही खेळाच्या बळावर येतात. धट्टीकट्टी, वेगवान मुले, घरची गरिबी, आणि समोर मोठ्या शहरातील शाळेचे निमंत्रण. यात अन्याय कोठे आहे, असे कोणी विचारील, आणि ते अगदीच गैर नव्हे. जपानचेच उदाहरण घ्या. टोंगाच्या राजास आपल्या प्रजेने मणिचौकटीवरील हिशेब शिकावा अशी हौस होती. त्यासाठी १९८० साली टोकियोच्या दाइतो बुंका विद्यापीठात टोंगाचे काही तरुण पाठविण्यात आले. ते मण्यांबरोबर रग्बीही खेळले, आणि त्यांतील काही जण पुढे जपानच्या राष्ट्रीय संघात दाखल झाले. मायकेल लीच हा मुलगा तर पंधराव्या वर्षी न्यूझीलंडहून होक्काइदो बेटावरील सप्पोरोच्या एका शाळेत आला, जपानी भाषा शिकला, तेथेच वाढला, आणि मोठेपणी त्या देशाचा नागरिक झाला. १९ सप्टेंबर २०१५ रोजी जागतिक स्पर्धेत जपानने बलाढ्य दक्षिण आफ्रिकेस ३४ विरुद्ध ३२ गुणांनी हरविले, तेव्हा कर्णधार तोच होता. शेवटच्या क्षणी बरोबरी सहज साधता येत असताना त्याने विजयासाठी धोका पत्करला. अशा माणसास जपानने परका म्हणावे काय?

तेव्हा ‘परका’ या शब्दावर आमचा रोख नाही, हे आधी स्पष्ट केलेले बरे. परकेपणाची ओरड खेळात पुष्कळ जुनी आहे. मुंबईच्या शालेय क्रिकेटची मानाची ढाल ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या लॉर्ड हॅरिस यांनीच १८९६ साली आपल्या काठेवाडच्या रणजितसिंहांना इंग्लंडच्या संघात घेण्यास विरोध केला होता, असे क्रिकेटचे इतिहासकार नमूद करतात. लॉर्ड्सच्या सामन्यात रणजींना वगळले गेले. पुढच्या, मँचेस्टरच्या सामन्यात ते खेळले, आणि पहिल्या डावात ६२ व दुसऱ्या डावात नाबाद १५४ धावा करून त्यांनी तो वाद आपल्या परीने निकालात काढला. गंमत अशी, की खुद्द लॉर्ड हॅरिस यांचा जन्म वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर झाला होता!

आणि आपल्या सचिनने तरी कोणाला परके म्हणावे? या गावाचे संस्थान १७९१ साली उभे राहिले, ते जंजिऱ्याच्या गादीवरील हक्क सोडून आलेल्या सिद्दी घराण्यासाठी; म्हणजे आफ्रिकेतून कोंकणात आणि कोंकणातून तापीकाठच्या मुलखात आलेल्या माणसांसाठी. आज येथील औद्योगिक वसाहतीतील मागांवर आणि कारखान्यांत राबणारे आमच्या विद्यार्थ्यांचे पालक धुळे, नंदुरबार, जळगावकडचे; त्यांचे शेजारी ओडिशाचे, उत्तर प्रदेशाचे, बिहारचे. आम्ही घरी कोंकणी बोलतो, वर्गात मराठी शिकवितो आणि भाजी गुजरातीत घेतो. आमच्या शाळेत जन्माचे सचिनकर शोधू लागलो, तर खो-खोचे नऊ गडीही पुरे होणार नाहीत.

मग आक्षेप कशावर? त्यासाठी आम्ही पुन्हा सिद्दी बांधवांकडेच वळतो. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने एक योजना हाती घेतली. गीरच्या परिसरातील जांबूर आदी गावांतून आणि कर्नाटकाच्या कारवार जिल्ह्यातून सिद्दी मुले-मुली निवडून त्यांना धावपटू बनवावयाचे, असा तिचा एक भाग होता. पूर्वज आफ्रिकेचे, तेव्हा मुले उपजतच वेगवान असणार, हा त्यामागील तर्क. शतकानुशतके या मातीत राहिलेल्या, गुजराती व कोंकणी बोलणाऱ्या मुलांकडे असे पाहणे आम्हांस मुळातच रुचत नाही. पण तो मुद्दा क्षणभर बाजूस ठेवू. मुले घरापासून दूर आली, नियमाने जेवू लागली, बूट घालून मैदानावर धावू लागली, काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदकेही मिळविली. आणि काही वर्षांतच हा उपक्रम आटोपता घेण्यात आला. ज्यांना खेळाच्या जोरावर नोकऱ्या लागल्या त्यांचे भले झाले. बाकीची पुष्कळशी मुले परत आपल्या गावी, परत मजुरीवर गेली. मध्यंतरी सुटलेली घराची सवय आणि अर्धवट राहिलेला अभ्यास यांचा हिशेब कोणी मांडला?

आमचा आक्षेप आहे तो या हिशेबावर. मुलगा दूरचा की जवळचा, हे आम्ही पाहत नाही. त्याचा पाय मुरगळला, तर दुसऱ्या दिवशी शाळेला तो हवासा वाटेल काय, एवढेच पाहतो.

येथे कोणी आम्हांस तेंडुलकरांचे उदाहरण देतील. (त्यांच्या नावाचा आमच्या गावाशी संबंध नाही, ते संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेले आहे.) लहानपणी तेही वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेले, आणि १९८८ साली त्याच हॅरिस ढालीच्या सामन्यात विनोद कांबळी यांच्यासह त्यांनी ६६४ धावांची अभंग भागी रचली, हे खरे. परंतु ते शाळा बदलून गेले ते रमाकांत आचरेकर या गुरूंच्या सल्ल्यावरून, खेळ शिकण्यासाठी. विद्यार्थी गुरूच्या शोधात निघतो ती वाट निराळी, आणि शाळा ढालीच्या शोधात विद्यार्थी हेरते ती वाट निराळी. दोन्हींत दाखला एकच भरावा लागतो, म्हणून दोन्ही सारख्या ठरत नाहीत.

आणखी एका मुलाची आठवण ठेवावयास हवी. त्याचे नाव कोणी घेत नाही. पाचवीपासून पहाटे मैदानावर चुन्याच्या रेषा आखणारा, पाणी भरणारा, आणि नववीत आपला नंबर लागेल म्हणून वाट पाहणारा आमचाच विद्यार्थी. उसना गडी आला की पहिला बाहेर बसतो तो हाच. पलीकडच्या लहान शाळेतील मुलांचेही तेच. कल्याणला जानेवारी २०१६ मध्ये एका शालेय सामन्यात एका मुलाने एकट्याने नाबाद १००९ धावा केल्या. त्या मुलाच्या जिद्दीस आमचा प्रणाम. त्यात उसना गडी कोणी होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. दोन बाजूंत एवढे अंतर असले, की हरणाऱ्या मुलांस त्या खेळातून काय मिळत असेल, ते पालकांनी आपल्या मुलांनाच विचारून पाहावे.

आता व्यवहाराचे बोलू. जागतिक रग्बी संघटनेने २०१७ साली निर्णय घेतला, की परदेशात राहून तेथील राष्ट्रीय संघातून खेळू पाहणाऱ्याने तेथे सलग तीन नव्हे, पाच वर्षे वास्तव्य केलेले असावे. शाळेस एवढे कडक होण्याची गरज नाही. बाहेरचा गुणी मुलगा आपल्याकडे यावयाचा असेल तर त्याने अवश्य यावे. मात्र जूनमध्ये, इतरांबरोबर, वर्गात बसावयास यावे, आणि पहिले वर्ष सरावात राहून दुसऱ्या वर्षी संघात उतरावे. त्याची फीमाफी त्याच्या खेळावर नव्हे, घरच्या परिस्थितीवर ठरावी, आणि तिच्या कागदावर ‘दहावी पूर्ण होईपर्यंत’ असे शब्द असावेत, मग तो मधल्या काळात खेळो वा न खेळो. जी वर्गणी पालक उसन्या गड्यांच्या जेवणावर खर्चावयास तयार आहेत, तिच्यातून आपल्याच मैदानावर मुरूम पडला आणि सकाळच्या सरावानंतर मुलांना दूध व चणे मिळाले, तर आम्हांस अधिक आनंद होईल. यामुळे ढाल आणखी दोन-तीन वर्षे लांबेल, हे आम्ही जाणतो.

हा मसुदा आम्ही पुढील पालकसभेपुढे ठेवणार आहोत. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी आपल्या हरकती लेखी कळवाव्यात. विद्यार्थ्यांनीही कळवाव्यात, विशेषतः रेषा आखणाऱ्यांनी.