बोअर मारण्याआधी जमिनीला करंट द्या: खारपाणपट्ट्यात खारं पाणी कसं शोधतात?

एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खारपाणपट्ट्यातलं पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले आणि राज्यभर बातमी झाली. मुद्दा होता ६९ गावांच्या पाणीपुरवठा योजनेला मिळालेल्या स्थगितीचा. वान धरणाचं गोडं पाणी कोणाच्या वाट्याला, हा तो वाद. राजकारण बाजूला ठेवू. या बातमीमागे एक टेक्निकल प्रश्न आहे: जमिनीखाली खारं पाणी कुठे आणि गोडं कुठे, हे खोदल्याशिवाय कळतं का? बऱ्यापैकी कळतं.

मी पातूरचा. आमचा तालुका याच मतदारसंघात येतो, पण आमच्याकडे घाटाचा काळा पाषाण. त्यामुळे बोअर घेताना आम्ही विचारतो, "पाणी लागेल का?" उत्तरेला बाळापूर ओलांडून पूर्णा नदीकडे गेलं की जमीन सपाट, गाळाची होते आणि प्रश्नही बदलतो: "लागलेलं पाणी गोडं निघेल का?" अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात सुमारे ९०० गावं आहेत.

समुद्र नाही, मग मीठ कुठून?

कोकणात जास्त उपसा झाला की समुद्राचं पाणी विहिरीत शिरतं. आपल्याकडचं कारण वेगळं आहे. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, त्यात चिकणमाती भरपूर. पाण्याचा निचरा कमी, ऊन कडक. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षं चालू आहे.

चार सळ्यांचं तंत्र

जमिनीत एका रेषेत चार इलेक्ट्रोड, म्हणजे धातूच्या सळ्या, ठोकतात. बाहेरच्या दोनमधून करंट सोडतात आणि आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात. शाळेतला ओहमचा नियम लावला की जमिनीचा विद्युतरोध निघतो. फ्रान्सच्या कॉनराड श्लुम्बर्जे यांनी १९१२ च्या सुमारास असे प्रयोग सुरू केले. आजही त्यांच्या नावाची मांडणी वापरतात. बाहेरच्या सळ्या जितक्या लांब नेल्या, तितका करंट खोल जातो. ढोबळमानाने, एकूण अंतराच्या चौथ्या-पाचव्या भागाएवढ्या खोलीची माहिती मिळते.

खाऱ्या पाण्यातून करंट सहज जातो, म्हणून तिथे आकडा पडतो. खारं पाणी भरलेल्या गाळात तो बहुधा ५ ओहम-मीटरच्या आत असतो. गोडं पाणी असलेल्या वाळूत २० ते १०० पर्यंत जातो. पातूरसारख्या ठिकाणी अखंड काळा पाषाण असेल तर शेकड्यांत.

गंमत म्हणजे घरातला टीडीएस मीटरही हेच करतो. तो पाण्यातून करंट किती सहज जातो ते मोजतो आणि अंदाजे गुणाकार करून आकडा दाखवतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

फसगत कुठे होते?

ओली चिकणमातीही करंट सहज नेते. त्यामुळे कमी आकडा दिसला की पाणी खारंच, असं म्हणता येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात चिकणमाती जागोजागी आहे, म्हणून इथे हा घोळ जास्त. उपाय एकच: जवळच्या जुन्या बोअरचं पाणी तपासायचं, त्यात कोणत्या खोलीवर कोणता थर लागला ते बघायचं आणि सर्व्हेचे आकडे त्याच्याशी जुळवायचे. ही जुळणी न करता कोणी रंगीत नकाशा हातात दिला, तर त्यावर पैसे लावू नका.

आणि ती "मोबाईलने पाणी शोधा" वाली ॲप्स? फोन जमिनीत करंट सोडू शकत नाही. त्यातला होकायंत्राचा सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, पाणी नाही. नारळ हातावर धरून फिरणाऱ्या पाणाड्यापेक्षा ते ॲप जास्त शास्त्रीय नाही, फक्त स्क्रीन चकचकीत.

मग अडतंय कुठे?

तंत्र नवीन नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादच्या एनजीआरआयने तर हेलिकॉप्टरला यंत्र टांगून भूजलाचे नकाशे केले. त्या पथदर्शी प्रकल्पात नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा नदीचं पाणलोट होतं. माझ्या मते खरी गरज आहे ती गावनिहाय, खोलीनिहाय माहिती शेतकऱ्याच्या फोनवर मराठीत येण्याची. काही ठिकाणी वरच्या थरात बऱ्यापैकी पाणी असतं आणि खाली खारं. तिथे खोल बोअर मारून जोरात उपसा केला, तर खालचं खारं पाणी वर चढतं. एकाची घाई शेजाऱ्याच्या विहिरीलाही भोवते.

तेव्हा घरी बोअरचा विषय निघाला, तर सर्व्हे करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: किती खोलीपर्यंत मोजलं? प्रत्येक थराचा आकडा किती? जवळच्या कोणत्या बोअरशी ताळा घेतला? तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली, तरच मशीन बोलवा.