पहिला फोन कोणाला कराल?

प्रति,
माननीय मंत्री, माजी सैनिक कल्याण,
आणि सामान्य प्रशासन विभागातील निवड करणारे अधिकारी,
मंत्रालय, मुंबई



पुण्याच्या सैनिक कल्याण विभागात संचालकाची किंवा एखाद्या जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी झाली की आम्हा माजी सैनिकांत लगेच चर्चा रंगते. येणारे कर्नल आहेत की ब्रिगेडियर, कोणत्या रेजिमेंटचे, पदके किती? या सगळ्याला मान आहेच. पण सीमेवर तुकडी सांभाळलेला माणूस तहसील कचेरीतून एक दाखला काढून आणू शकेलच असे नाही, आणि या खुर्चीचे निम्मे काम तेच आहे.

जिल्हा कार्यालयाबाहेरच्या बाकावर कोण बसलेले असते ते एकदा पाहा. कर्नल तिथे क्वचित दिसतील. असतात ते शिपाई, नाईक, हवालदार आणि त्यांच्या विधवा. शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेर घरी परततो. पुढची तीस-चाळीस वर्षे, आणि त्याच्यामागे त्याच्या बायकोची, याच कार्यालयाच्या भरवशावर जातात. साताऱ्याचे अपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी वर्दी आहे, तिथल्या कोणत्याही म्हातारीला विचारा.

माझी हयात लष्करी कारकुनीत गेली, म्हणून एकच उदाहरण जरा तपशिलाने देतो. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे नाव बदलते. जवान सुटीवर येऊन लग्न करतो, युनिटात परतला की त्याच्या नोंदीत लग्न चढवणारी पार्ट टू ऑर्डर निघते. तीत कधी बायकोचे माहेरचे नाव पडते, कधी घरात हाक मारायचे. आधार कार्डावर सासरचे नाव आणि पुढे ‘बाई’ जोडलेले. जन्मतारीख तर शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईची, अंदाजानेच लिहिलेली. नवरा आहे तोवर हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन अडते. मग प्रतिज्ञापत्र, गावातले दाखले, जिल्हा कार्यालयाचे पत्र असे सगळे बाड रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला. तिथून प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात, मग दुरुस्त पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, मग तो ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत चढणार. वाटेत कुठे एक शिक्का राहिला की कागद आला परत. सागर हे गाव मध्य प्रदेशात आहे हेही जिला ठाऊक नाही, तिने हा पाठपुरावा कसा करायचा?

म्हणून मुलाखतीला आलेल्या प्रत्येक उमेदवारापुढे अशीच एक फाइल ठेवा. नाव-गाव झाका, अर्धा तास वाचू द्या आणि विचारा: पहिला फोन कोणाला कराल? बरोबर उत्तर देईल त्याला नेमा, मग हुद्दा काही का असेना. मला विचाराल तर हे उत्तर एखाद्या सुभेदार मेजरला किंवा रेकॉर्ड ऑफिसच्या जुन्या हेडक्लार्कला आधी सुचेल. नियम आड येत असतील तर नियम बदला. तेवढे जमणार नसेल तर अशा माणसांना निदान कल्याण संघटक म्हणून अधिकाऱ्याच्या शेजारी बसवा आणि तालुक्यांत फिरायला गाडीभाडे द्या.

अतिरिक्त कार्यभाराची सवय तेवढी सोडा. एका अधिकाऱ्याकडे दोन जिल्हे दिले की आठवड्याचे वार वाटले जातात, आणि डोंगरातून पहिली एसटी धरून आलेली बाई नेमकी चुकीच्या वारी पोचते. हे मी पाहिले आहे. जिल्हा सांगत नाही. तिथली कर्मचारी मंडळी बिचारी चांगली होती, सही करणारा तेवढा दुसऱ्या जिल्ह्यात होता.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासूनची ही प्रथा. जिल्ह्याजिल्ह्याला निधीचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते, ते ओलांडले की सत्कार होतात. जरूर व्हावेत. पण अडलेली किती पेन्शन सुरू करून दिली याचे उद्दिष्ट कधी ठरणार? नव्या संचालकाचे वर्षाचे काम मोजताना जमलेल्या रुपयांच्या आधी हा आकडा मागा.

घाई कशाची, असे कोणी म्हणेल. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि लष्कराची पहिली तुकडी जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणाला लागली. त्यांच्या नोकरीची चार वर्षे मोजा. या अग्निवीरांतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे नोकरीत राहतील. बाकीच्यांना सेवानिधी मिळेल. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे राज्याने वेगळे ठरवल्याखेरीज गट क आणि ड मधले माजी सैनिकांचे १५ टक्के समांतर आरक्षणही त्यांना लागू नाही. पण गावाने ज्या पोराला हार घालून गाडीत बसवले, त्याला व्याख्या काय सांगणार? तो कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्याच दारात उभा राहील. त्याला बसायला सांगायचे की वाटेला लावायचे, आणि बसवले तर पुढे काय करायचे, हे उमेदवाराकडून नेमणुकीआधी लेखी घ्या.

शेवटची विनंती निवड समितीबद्दल. तीवर एक वीरपत्नी घ्या, शक्यतो शिपायाची किंवा हवालदाराची. झेंडावंदनाला आपण तिला शाल आणि श्रीफळ देतोच. तिने मुलाखतीत दोन प्रश्न विचारले तर काही बिघडणार नाही. तिचा प्रवासभत्ता मात्र त्याच दिवशी हातात द्या. त्याची फाइल नको.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, क्लार्क