वाद्ये माणसांसाठी की माणसे वाद्यांसाठी?

संगीत ही ईश्वराची देणगी आहे, असे आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. पण ही देणगी स्वीकारायला दोन धडधाकट हात, सरळ बोटे आणि मांडी घालता येतील असे पाय लागतात, हे कोणी सांगत नाही. ज्या मुलाजवळ यांतले एखादे नसेल, त्याला संगीताच्या वर्गात एकच जागा उरते, ती श्रोत्याची. फार तर “तू गाणे शीक” असा सल्ला मिळतो. पण त्याला पेटीच वाजवायची असेल तर?

“तुला हे वाद्य जमणार नाही,” हे वाक्य दयेपोटी उच्चारले जाते. माझ्या मते ते उलटे आहे. ते वाद्यच त्या मुलाला जमत नाही. आणि जी वस्तू जमत नाही ती बदलायची असते.

यावर परंपरेचे अभिमानी म्हणतील, वाद्याच्या मूळ रूपाला हात लावू नका. कोणते मूळ रूप? युरोपातून आलेल्या हार्मोनियमचा भाता पायाने चाले. आपली बैठक जमिनीवरची, म्हणून एकोणिसाव्या शतकात हातपेटी घडली. तिचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. हनुवटीखाली धरायचे व्हायोलिन आपण मांडी घालून पायावर टेकवले. पन्नालाल घोष यांनी रागदारीसाठी बासरी लांब केली. धडधाकटांच्या सोयीसाठी केलेला बदल परंपरेत सामावतो, मग अपंग मुलासाठी केलेला बदलच तेवढा भ्रष्टाकार कसा?

माझ्या गावच्या भजनी मंडळात एक मुलगा आहे. त्याचा डावा हात जन्मतःच अधू. तो उजव्या हाताने पट्ट्या वाजवतो आणि धाकटा भाऊ भाता हलवतो. वाजवतो छान, पण भाऊ शेतावर गेला की पेटी मुकी! त्या मुलाला कौतुक भरपूर मिळते, रियाझ मात्र मिळत नाही. त्याच्या पेटीला पायाने चालणारा भाता जोडला तर? जुन्या पायपेटीत ही सोय होतीच की!

प्रसिद्ध माणसाला मार्ग सापडतो. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विट्गेनस्टाइन या पियानोवादकासाठी रावेलसारख्या संगीतकाराने केवळ डाव्या हाताची रचना केली. अनोळखी मुलासाठी मात्र संस्थाच उभी राहावी लागते. इंग्लंडमध्ये २०११ साली स्थापन झालेला ‘ओमी ट्रस्ट’ एका हाताने वाजवता येणाऱ्या वाद्यांसाठी कारागिरांच्या स्पर्धा घेतो आणि ती वाद्ये मुलांपर्यंत पोहोचवतो.

कळ दाबली की तयार धून वाजते, असे यंत्र मुलाच्या हाती देऊन मात्र आपण सुटू नये. ते वाजवणे नव्हे, तो खेळ झाला. बेसूर होण्याची मुभा असेल, तरच सुरात येण्याचा आनंद.

आपल्याकडे काय कमी आहे? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्यातून सूर काढणाऱ्या या कारागिरांना असे काम अवघड नाही. त्यांना मागणारा हवा. कायदाही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम २९ कलाविषयक अभ्यासक्रमांची फेररचना आणि सहभागासाठी साहाय्यक साधनांचा विकास ही शासनाची व स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवते.

पण सगळेच शासनावर सोपवून कसे चालेल? मांडी घालता येत नसेल तर तबला चौरंगावर ठेवून खुर्चीत बसून वाजवता येतो. एक टाळ लाकडी घोडीला बांधला, तर दुसरा एका हाताने वाजतो. पकड नसलेल्या हाताला पट्ट्याने काठी बांधली की ताशा बोलतो. यासाठी एक सुतार आणि थोडी कल्पकता पुरे. आपल्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाने स्नेहसंमेलनाच्या खर्चातून दरवर्षी असे एक वाद्य करून एका मुलाला द्यावे, एवढीच माझी सूचना आहे. टाळ्या वाजवायला प्रेक्षागृहात माणसे पुष्कळ आहेत. रंगमंचावर एक जागा रिकामी करू या.